सिनडचं बातमीपत्र माझ्या गळ्यात पडलंय, सोळा मंडळ्यांच्या कार्यक्रमांचा मेळ कसा घालायचा?

तिसऱ्या बाकावरची

सलाम सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज विचारायचंच आहे. मी लग्न होऊन लुथरन झाले, माहेर मेथडिस्ट, म्हणजे दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचं, त्यामुळे काही गोष्टी अजून अंगवळणी पडल्या नाहीयेत, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या सिनडमधे, म्हणजे आमच्या भागातल्या लुथरन चर्चच्या गटात, सोळा मंडळ्या, एकेका देवळाची एकेक. तीन मोठ्या, बाकी कुठे रविवारी पन्नास माणसं तर कुठे वीस, आणि चार ठिकाणी तर स्वतःचे पाळकच नाहीत, एकच पाळक सकाळी आठला एकीकडे, साडेदहाला दुसरीकडे असं करतात. दर महिन्याला सगळ्यांचं मिळून एक बातमीपत्र निघतं, झालेल्या बातम्या आणि येते कार्यक्रम. आधी एक काका बघायचे, त्यांनी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सोडलं, आणि मागच्या सभेत "हिचं टायपिंग चांगलंय" एवढ्या एका पात्रतेवर माझी निवड झाली. एकमताने. म्हणजे बाकी सगळे खाली बघत होते.

आता हाल ऐका. बातम्या येतात महिना संपताना, त्यामुळे "येते कार्यक्रम" मधले निम्मे छापून होईपर्यंत होऊन गेलेले असतात. कोणी तीन पानांची पीडीएफ पाठवतं ज्यात तारीख दुसऱ्या पानाच्या तळाला, कोणी नुसता फुलांचा फोटो टाकतं ज्यावर "सर्वांनी यावे" एवढंच. कुठे यावे? सप्टेंबरमधे तर तरुण संघाचं शिबिर आणि गायकवृंदाचा मेळावा एकाच शनिवारी आला, आणि गाणारी मुलं तीच हो, दुसरी आणणार कुठून.

पण खरं कारण वेगळंय. दोन महिन्यांपूर्वी एका मंडळीत नव्या पाळकांचा पदग्रहण विधी होता. मी वेळ जुन्या मेसेजमधून उचलली, दुपारी चार. नंतर ती बदलून सकाळी साडेदहा झाली होती, मला कळवलंही होतं, मीच बदलायचं विसरले. जवळच्या लोकांना तोंडी कळलं. पण सगळ्यात लांबच्या मंडळीतल्या दोन वयस्कर बहिणी साडेतीनला पोचल्या. मी हॉलमधे खुर्च्या रचत होते. थोरलीच्या हातात पांढऱ्या कापडात गुंडाळलेली लाल स्टोल (पाळक गळ्यात घालतात तो लांब पट्टा), त्या दोघींनी मिळून भरलेली, नव्या पाळकांच्या गळ्यात घालायला. पाळक घरी गेलेले. बाई मला म्हणाल्या, "आम्हीच लवकर आलो का गं?" मला तोंड लपवायला जागा नव्हती.

तर विचारायचंय की तुमच्याकडे तारखा कोण ठरवतं, बातमी कशाला म्हणायचं, आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यापर्यंत हे कसं पोचवता? की मीही गुडघा दुखतो सांगून सोडून देऊ?

जुना खजिनदार

सोडू नका. वेळ चुकल्याची टोचणी लागलेला माणूस बातमीपत्रावर असावा, ज्याला काहीच वाटत नाही तो नको.

आधी तारखांचं बोलतो, कारण निम्मी भांडणं तिथे आहेत. लोक काय करतात, मागच्या वर्षीची वही उघडतात आणि तीच तारीख टाकतात. नाताळला चालतं ते. पण आपलं निम्मं वर्ष ईस्टरला बांधलेलं आणि ईस्टर एका जागी राहत नाही. 2026 ला 5 एप्रिलला होता, 2027 ला 28 मार्चला आहे. म्हणजे भस्म बुधवार, ज्या दिवशी लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) सुरू होतो, 18 फेब्रुवारीवरून 10 फेब्रुवारीवर आला, पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) 24 मे वरून 16 मे वर. ज्याने फेब्रुवारीच्या मध्यावर "मागच्या वर्षीसारखाच" महिला मंडळाचा आनंदमेळावा ठेवलाय तो आता लेंटच्या पहिल्या आठवड्यात करणार. म्हणून कॅलेंडर घ्या, ईस्टरला गोल करा, तिथून मागे सेहेचाळीस दिवस आणि पुढे एकोणपन्नास दिवस मोजा, मग बाकीचं लिहायला घ्या.

दुसरी अडचण ऑक्टोबर. मार्टिन लूथरने चर्चमधल्या गैरप्रकारांवरचे प्रबंध पाठवले आणि धर्मसुधारणा सुरू झाली ती 31 ऑक्टोबर 1517 ला, आणि तो दिवस रविवारी येईलच असं नाही म्हणून बरेच जण त्या दिवशीचा किंवा त्याच्या आधीचा रविवार धर्मसुधारणा रविवार म्हणून धरतात. 2026 ला तो 25 ऑक्टोबर. पुढच्याच रविवारी 1 नोव्हेंबर, सर्व संतांचा दिवस, वर्षभरात वारलेल्यांची नावं घेऊन मेणबत्त्या लावायच्या. आणि 29 नोव्हेंबरला नाताळच्या तयारीचा आगमनकाळ सुरू. पाच आठवड्यात एवढं. त्यात प्रत्येक मंडळीला धर्मसुधारणा रविवारी स्वतःचा मोठा कार्यक्रम हवा आणि त्याला बाकी पंधरा जणांनी यावं ही अपेक्षा! आमच्याकडे सात वर्षं हे चाललं, शेवटी ठरलं की सकाळी ज्याने त्याने आपापल्या देवळात उपासना करायची आणि संध्याकाळी एकच संयुक्त, ती दर वर्षी वेगळ्या ठिकाणी. पहिल्या वर्षी मोठ्या मंडळीचे लोक रुसले. दुसऱ्या वर्षी त्यांनाच बरं वाटलं कारण दीडशे लोकांचा चहा करायला लागला नाही.

आणि हे सगळं मेलवर नाही होत बरं का. वर्षातून एकदा सगळे सेक्रेटरी एका टेबलाभोवती बसवा, भिंतीवर बारा महिन्यांचा मोठा कागद, हातात पेन्सिल, पेन नाही. आणि आधी लहान मंडळ्यांना लिहू द्या. मोठ्यांना दहा हॉल मिळतात, लहानांचा पाळक त्या एकाच दिवशी मोकळा असतो.

ऑर्गनवाला

खजिनदारांशी सहमत पण एक राहिलं. तारीख ठरवताना पाळकांना विचारतात, हॉलला विचारतात, ऑर्गन वाजवणाऱ्याला कोणी विचारत नाही. मी तीन मंडळ्यांना वाजवतो आणि मला दोन संयुक्त उपासनांचं आमंत्रण एकाच संध्याकाळचं आलेलं आहे, दोन्हीकडे माझं नाव आधीच छापून. मला बातमीपत्रातूनच कळलं.

अजून एक. संयुक्त उपासनेत गाणी कमी ठेवा. पहिलं लुथरन गीतपुस्तक 1524 चं, त्यात गाणी होती आठ. आमच्याकडे मागच्या वर्षी एका संध्याकाळी अकरा, कारण प्रत्येक गायकवृंदाला आपापलं म्हणायचं होतं. शेवटच्या गाण्याला पहिला गायकवृंद बाहेर चहा पीत होता.

पाळकीणबाई

बाळ, आधी त्या दोन बहिणींना फोन कर, केला नसशील तर. मग पुढचं वाच.

तारखा होतील गं, माणसं शिकतात. मला बोलायचंय ते "बातमी कशाला म्हणायचं" यावर. आमच्या भागात एक लहानशी मंडळी बंद झाली, शेवटी नऊ जणं उरली होती आणि छप्पर दुरुस्त करायला पैसे नव्हते. शेवटची उपासना झाली, मग वेदीवरून एकेक वस्तू बाहेर नेली, आधी पवित्र शास्त्र, मग प्याला आणि तबक, शेवटी बाप्तिस्म्याचं भांडं. ते एका आजोबांनी उचललं, त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा त्यातच झालेला, आणि दारापर्यंत पोचल्यावर ते थांबले, त्यांना उंबरा ओलांडवेना. मागचे आठ जणही मग तसेच उभे राहिले, कोणी घाई केली नाही. मी तिथे होते म्हणून मला माहीत. बातमीपत्रात काय आलं? "इतर" या सदरात, जुन्या खुर्च्या विकणे आहेच्या वर, एक ओळ. अमुक मंडळीचे कामकाज अमुक तारखेपासून थांबवण्यात आले आहे.

आणि त्याच अंकात बिशपसाहेबांच्या वार्षिक दौऱ्याचे पाच फोटो. पाचही सारखेच, हार घालताना.

तर माझं मत विचारशील तर, सभा झाली, अध्यक्षस्थानी हे होते, आभार त्यांनी मानले, ही बातमी नाही. ज्या मंडळीत दृढीकरणाला, म्हणजे कळत्या वयात आपला विश्वास जाहीर करायच्या विधीला, या वर्षी एकच मुलगी होती आणि शेजारच्या दोन मंडळ्यांनी आपले वर्ग तिच्याबरोबर जोडले, म्हणजे ती एकटी पुढे उभी राहिली नाही, ती बातमी. पाळक नसलेल्या ठिकाणी उपासना कोण चालवतंय, कोण वाचन करतंय, ती बातमी. कोणाला मदत हवीय आणि नेमकी काय, तेही लिही. "प्रार्थना करावी" एवढंच नको, "रविवारी दोन आजींना गाडीतून आणायला कोणी आहे का" असं लिहिलं की कोणीतरी हात वर करतं.

पण सांभाळून हं. आजारी माणसाचं नाव, कुठला आजार, कुठल्या वॉर्डात, हे देवळात प्रार्थनेत म्हणणं वेगळं आणि छापून सगळीकडे जाणं वेगळं. त्यांना विचारल्याशिवाय नाही. लहान मुलांचे फोटोही आईबापांना विचारूनच.

फोन नसलेल्यांचं म्हणतेस तर एक पान काढ. एकच, मोठ्या अक्षरात, फक्त येते कार्यक्रम, आणि प्रत्येक देवळाच्या दारात लाव. लूथरचा लहान कॅटेकिझम, म्हणजे विश्वासाची सोपी प्रश्नोत्तरं, 1529 साली पुस्तक व्हायच्या आधी असाच भिंतीवर लावायचे तक्ते म्हणून छापून आला होता. त्याच्या आदल्या वर्षी लूथर आणि त्याचे साथीदार गावोगाव मंडळ्यांची पाहणी करत फिरले आणि त्यांना दिसलं की लोकांना काहीच येत नाही, पाळकांनासुद्धा धड नाही. मग लांबलचक लिहून काय उपयोग, भिंतीवर लावलं. तुझ्या तीन पानी पीडीएफवाल्यांना हे सांग.

उगाच विचारतो

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. एवढे कार्यक्रम हवेत कशाला? माझ्या मंडळीचं बातमीपत्र, सिनडचं बातमीपत्र, मग वरच्या चर्चचं मासिक. महिन्यातले चार शनिवार, चारही गेले. आपल्या ऑग्सबुर्ग कबुलीजबाबाचं, म्हणजे लुथरन विश्वासाच्या मूळ जाहीरनाम्याचं, सातवं कलम सरळ सांगतं की चर्चच्या ऐक्याला शुभवर्तमानाची शिकवण आणि संस्कार यांवर एकमत पुरेसं आहे, माणसांनी घालून दिलेले विधी सगळीकडे सारखे असायची गरज नाही. मग दर महिन्याला एकत्र जमून टाळ्या वाजवल्या नाहीत तर आपण कमी लुथरन होतो का? वीस माणसांची मंडळी ही पूर्ण मंडळी आहे, सोळावा हिस्सा नाही.

शिवाय सिनड म्हणजे नक्की काय यावरच कुठे एकमत आहे. अमेरिकेतल्या एका लुथरन चर्चमधे सिनड म्हणजे प्रादेशिक विभाग, असे साठाहून जास्त. तिथल्याच दुसऱ्यात सिनड म्हणजे अख्खं चर्च आणि विभागांना डिस्ट्रिक्ट म्हणतात. जर्मनीत सिनड म्हणजे निवडून आलेली सभा. मूळ ग्रीक शब्दात एकत्र चालणं आहे म्हणतात. एकत्र चालायला प्रत्येक शनिवारी बस कशाला करायला पाहिजे.

जुना खजिनदार

@उगाच विचारतो, सातवं कलम विधी सारखे नसले तरी चालेल म्हणतं, एकमेकांची खबर नसली तरी चालेल असं कुठे म्हणतं? ज्या चार मंडळ्यांना पाळक नाहीत त्यांच्याकडे प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) कोणत्या रविवारी आहे हे ठरतं ते शेजारच्या पाळकांच्या वेळापत्रकावर. त्यांना विचारा सिनड कशाला हवी ते. तुम्हाला शनिवार जातो म्हणून त्रास आहे, त्यांना महिनोन्महिने प्रभुभोजन मिळत नाही.

आणि कबुलीजबाबाचाच दाखला दिलात म्हणून सांगतो. 25 जून 1530 ला तो सम्राटापुढे वाचला गेला तेव्हा लूथर तिथे नव्हताच. त्याच्यावर 1521 पासून बंदी होती, त्यामुळे एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तो कोबुर्गच्या किल्ल्यात बसून होता आणि त्याचा सहकारी मेलांख्थन वगैरे लोक ऑग्सबुर्गला. तिकडून काही काळ पत्रच येईना तेव्हा बुवा असा वैतागला की विचारू नका, पुढे पत्रं आली तर वाचायचीच नाहीत म्हणत होता. तेव्हा बातमी न कळवल्याचा राग ही आपली फार जुनी परंपरा आहे :)

कार्यक्रम कमी करा हे मात्र मान्य. आम्ही वर्षाला संयुक्त चारच ठेवले. सिनडची वार्षिक सभा, तिला पाळक आणि मंडळीतून निवडलेले प्रतिनिधी दोघेही मत देतात, त्यामुळे ती चुकवता येत नाही. धर्मसुधारणेची संध्याकाळ. तरुणांचं एक शिबिर. आणि मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा जागतिक प्रार्थना दिन, 2027 ला 5 मार्च, तो तर बाया इतर चर्चबरोबर मिळूनच करतात, आपल्याला फक्त बाकं हलवायची असतात. बाकी सगळं ज्याचं त्याचं, हवं त्याने जावं.

नुसताच वाचक

धर्मसुधारणेच्या संध्याकाळी कॅथलिक शेजाऱ्यांना बोलवता का कोणी? आमच्याकडे दरवर्षी यावरून वाद.

पाळकीणबाई

आम्ही बोलावतो. लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी 31 ऑक्टोबरलाच, 1999 साली, ऑग्सबुर्गमधेच, देव माणसाला नीतिमान कसा ठरवतो या शिकवणीवरच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आणि 2016 ला त्याच तारखेला स्वीडनमधे लुंडला पोप फ्रान्सिस स्वतः लुथरन कॅथेड्रलमधल्या लुथरन-कॅथलिक संयुक्त प्रार्थनेला आले. एवढं झाल्यावर आपण शेजारच्या फादरना एक चिठ्ठी पाठवायला का घाबरतो मला कळत नाही. प्रश्न विचारणारी मेथडिस्ट माहेरची आहे तिनेही ऐकावं, मेथडिस्ट लोक त्या घोषणेत 2006 ला सामील झाले. फक्त आमंत्रण दीड महिना आधी द्या, त्यांचाही सर्व संतांचा दिवस असतो, ते रिकामे बसलेले नसतात.

ऑर्गनवाला

आणि त्यांच्या ऑर्गनवाल्यालाही विचारा.

तिसऱ्या बाकावरची

एवढं सगळं लिहिलंत, खरंच आभार. मधे चार दिवस गप्प होते कारण काम करत होते.

पहिलं म्हणजे फोन नाही केला, जाऊनच आले. पाळकांना घेऊन गेले. थोरल्या बाईंनी स्टोल घडी उलगडून दाखवली, एका टोकाला ज्वाळा आणि दुसऱ्या टोकाला कबुतर, कबुतराचा डोळा धाकटीने तीनदा उसवला म्हणे कारण तो "रागीट" दिसत होता. पाळकांनी तिथेच घातली, घरच्या शर्टावर. मग चहा झाला. निघताना थोरली म्हणाली की आमच्याकडे बातमीपत्र येतं ते कोणीतरी फोनवरून वाचून दाखवतं आणि तारखा सांगताना घाई करतं. तेव्हाच ठरवलं, दारावरचं एक पान नक्की. सोळा प्रती, मोठी अक्षरं.

दुसरं, सगळ्या सेक्रेटरींना कळवलंय की महिन्याच्या वीस तारखेनंतर आलेलं पुढच्या अंकात. दोघांनी लगेच फोन करून "आमचं अपवाद म्हणून" सांगितलं. नाही म्हटलं. आवाज कापत होता माझा पण म्हटलं. पीडीएफ आणि फुलांचे फोटोही बंद, पाच गोष्टी साध्या मेसेजमधे लिहून द्यायच्या, काय, कुठे, कधी, कोणासाठी, विचारायचं कोणाला. पेन्सिलवाली बैठक जानेवारीत, तोवर एक शेअर्ड कॅलेंडर केलंय गूगलवर, त्यात लिहिणारे चारच जण, बाकी सगळे बघणारे. ऑर्गन वाजवणाऱ्यांचा रकाना वेगळा केला, सोळा मंडळ्यांना मिळून पाचच जण निघाले! हे कोणालाच माहीत नव्हतं.

@उगाच विचारतो, तुमचं ऐकून तीन कार्यक्रम काढून टाकले. एक तर कोणी सुरू केला होता हेच कोणाला आठवेना.

आता ऑक्टोबरच्या अंकातली पहिली नोंद बघून सांगा कशी वाटते:

"धर्मसुधारणा संध्याकाळ, रविवार 25 ऑक्टोबर. या वर्षी आपल्या सगळ्यात लहान मंडळीत, कारण त्यांच्या देवळाचं छप्पर नुकतंच दुरुस्त झालंय आणि त्यांना ते दाखवायचंय. गाणी सहा. प्रभुभोजन आहे. शेजारच्या कॅथलिक आणि मेथडिस्ट मंडळींनाही आमंत्रण. खुर्च्या कमी आहेत, ज्यांना जमेल त्यांनी घडीची खुर्ची आणावी. गाडी नसणाऱ्यांनी आपल्या सेक्रेटरीला शुक्रवारपर्यंत सांगावं."

पाळकीणबाई

छान झालंय गं. छपराचं कारण दिलंस ते आवडलं.

ऑर्गनवाला

सहा गाणी. देव तुमचं भलं करो.

जुना खजिनदार

उत्तम. वेळ?

तिसऱ्या बाकावरची

अरे देवा.

साडेपाच. संध्याकाळी साडेपाच. आत्ताच घालते, आणि छापायच्या आधी त्या मंडळीला फोन करून परत एकदा विचारते.